सहावी पिवळी रेघ

घाट उतरण्याआधी वर जे शेवटचे गाव लागते, त्याचे नाव बोरखिंड. तिथे मुरलीधर आडनाईक नावाचा एक गृहस्थ राहत असे. गावाच्या पाणीपुरवठ्याचे पंप चालवणे ही त्याची नोकरी, आणि दारातली लहानशी लाल गाडी हा त्याचा जीव.

गाडी छोटी होती, पण तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे मुठीएवढा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापल्या धुराने तो फिरतो आणि जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. मग छोटी गाडीसुद्धा चढावर मोठ्या गाडीला मागे टाकते. मात्र हा पंखा तापून लालबुंद होतो आणि करंगळीहून बारीक अशा एका नळीतून येणाऱ्या तेलावर जगतो. ती नळी धड, तर सगळे धड.

मुरलीधर कुठल्या शाळेत हे शिकला नव्हता. जुनी पुस्तके आणून, मोबाइलवर बघून, चार वेळा चुकून तो शिकला. बाकीचे त्याला सिदू मेस्त्रीने शिकवले. सिदूचे गॅरेज एसटी स्टँडच्या मागे होते. मुरलीधरपेक्षा तो दहा-बारा वर्षांनी मोठा. लिहिण्यावाचण्याचे त्याला वावडे होते. बोल्ट आवळून झाला की तो दोन बोटे त्यावर ठेवायचा, क्षणभर थांबायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "बसला." मगच तो पुढच्या बोल्टाकडे वळायचा.

"घाट चढून आलात की लगेच चावी बंद करू नका, भाऊ," त्याने मुरलीधरला पहिल्याच भेटीत सांगितले होते. "पळून आलेल्या माणसाचा कुनी गळा दाबतं का? मिनिटभर श्वास घेऊ द्या त्याला."

मुरलीधरने ते वहीत लिहून घेतले. तो सगळेच वहीत लिहून घ्यायचा. पंपावर दर तासाला आकडे टिपायची नोकरी, तीच सवय घरी आली. निळ्या पुठ्ठ्याच्या जाड वहीत त्याने अकरा वर्षे त्या गाडीची एकेक गोष्ट लिहिली होती. कोणत्या तारखेला तेल बदलले, कोणता बोल्ट किती जोराने आवळला, ऊन होते की ढग होते, हेही. गावात कोणाची कशावरून पैज लागली, की गेल्या साली पाऊस कधी उघडला किंवा वीज किती दिवस गेली होती, तर माणसे त्याच्या दारात येत. तो वही उघडे, बोट ठेवे, आणि वाद मिटे. "आडनाईकांच्या वहीत हाय" म्हटले की गावात पुढे कोणी बोलत नसे.

कामाची त्याची एक ठरलेली रीत होती. त्याच्याकडे मापाचा पाना होता. पान्याच्या दांड्यावर आकडा लावायचा आणि आवळायचे. ठरलेला जोर पोचला की पाना 'कट्' असा आवाज करतो. तसा आवाज आला की बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. मग वहीत नोंद. आणि सगळ्यात शेवटी पान्याचा आकडा परत शून्यावर आणायचा, कारण आकड्यावर तसाच ठेवला तर आतली स्प्रिंग मरते. तेही तो लिहायचा: 'पाना शून्यावर.' त्याखाली सही.

"आधी पाना, मग रंग, मग वही," तो मुलीला सांगायचा. "हा क्रम मोडला नाही, तर गाडी तुला कधी रस्त्यात सोडणार नाही. आणि ही वही म्हणजे गाडीचा जीव आहे, गौतमी. गाडी विकत मिळते. वही मिळत नाही."

गौतमी ही त्याची एकुलती एक लेक. घाटाखालच्या सरकारी दवाखान्यात ती परिचारिका होती. तान्ह्या बाळाच्या हाताला सुई लावायची तर डॉक्टर तिलाच हाक मारत, इतका तिचा हात हलका. रोज तीच गाडी घेऊन ती घाट उतरायची आणि ड्युटी संपवून वर यायची. वही गाडीतच, समोरच्या खणात असे. मुरलीधरचा तसा आग्रहच होता.

एका हिवाळ्यात मुरलीधरने गाडी आणखी सुधारायचे ठरवले. टर्बोची हवा थंड करणारी मोठी जाळी त्याने पुढे बसवली. तिच्यासाठी पुढचा बंपर आतून हाताने कापला, घासला, साफ केला. तेलाची जुनी नळी काढून तारेच्या विणीची नवी, मजबूत नळी आणली. चार रविवार तो हे करत होता. पाचव्या रविवारी शेवटचे सहा बोल्ट राहिले. पाच जाळीचे आणि टर्बोचे. ते चोवीसच्या मापाने आवळायचे. सहावा तेलाच्या नळीचा. त्याला तीस हवे.

त्याच दिवशी गौतमीला बघायला पाहुणे यायचे होते. मुलाचे वडील ऐनापुरे हे फौंड्रीत पस्तीस वर्षे फोरमन होते. लोखंडातला माणूस. मुरलीधरच्या मनात होते की पोहे-चहा झाला की त्यांना गाडी दाखवायची. बायका बोलतील ते बोलतील, पण बॉनेट उघडले की ह्या माणसाला कळेल आपण कोणत्या घरात आलो ते.

पाहुणे चार वाजता येणार होते. तीनलाच फाटकाशी हॉर्न वाजला.

"अहो, आले की ते!" शालन, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "हात धुवा आधी. अंगात बनियन आहे तुमच्या!"

पाच बोल्ट आवळून, रेघा ओढून झाले होते. सहावा नुसता हाताने फिरवून बसवला होता. पान्याचा आकडा अजून चोवीसवर होता. तो तीसवर आणायचा, आवळायचा, रेघ ओढायची. दोन मिनिटांचे काम. पण पाहुणे फाटकातून आत येत होते.

मुरलीधरने एकदा बोल्टांकडे पाहिले. पाच पिवळ्या रेघा एका ओळीत, आणि सहाव्याचे डोके कोरे. पंगतीत एका पानावर वाढायचे राहावे तसे ते दिसत होते. ऐनापुऱ्यांच्या नजरेतून ते सुटणार नव्हते. ब्रश हातातच होता. त्याने सहाव्यावरही रेघ ओढली. मग वही घेतली आणि लिहिले: 'सहाही बोल्ट मापाने आवळले. पाच चोवीस, नळीचा तीस.' खाली सही ठोकली. पाहुणे गेले की आवळून टाकू, असे म्हणून त्याने पाना पेटीत ठेवला आणि हात धुवायला गेला.

पाहुण्यांना गौतमी आवडली. पोहेही आवडले. ऐनापुरे उघड्या बॉनेटवर ओणवे झाले आणि एकेक बोल्ट बघत गेले. मग त्यांनी वही चाळली.

"आडनाईक," ते म्हणाले, "पस्तीस वर्षे कारखान्यात काढली. माझ्या एका पोराने अशी नोंद ठेवली असती तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचलो असतो."

मुरलीधरला त्या दिवशी जेवण गेले नाही, इतका तो भरून पावला होता. पाहुण्यांना स्टँडवरून पुढच्या रस्त्याला लावून तो परत आला. काहीतरी राहिले आहे, असे त्याला वाटले. त्याने बॉनेट उघडले. सहा पिवळ्या रेघा. वही उघडली. सहाही बोल्ट, आणि खाली आपली सही. अकरा वर्षांत त्या वहीने त्याला एकदाही फसवले नव्हते. मनातली चुटपुट त्याने मनातच मिटवली आणि बॉनेट लावले.

मंगळवारी तो गाडी घेऊन सिदूकडे गेला. टर्बोपुढचा उष्णता अडवणारा पत्रा एका कोपऱ्यात तडकला होता. त्याला वेल्डिंगचे दोन टाके हवे होते, आणि वेल्डिंगचे यंत्र मुरलीधरकडे नव्हते.

सिदूने पत्रा सोडवला, टाके मारले, परत बसवला. पत्र्याच्या दोन्ही स्क्रूंवर बोटे ठेवून "बसला, बसला" म्हणाला. मग तो वाकला आणि हुंगू लागला.

"भाऊ, तेलाचा वास येतोय."

"नवी नळी आहे, मेस्त्री. बसवताना तेल सांडलं असेल."

"सांडल्याला वास येगळा. ह्यो ताज्या तेलाचा हाय. नळीच्या बोल्टाला हात लावून बघू का?"

"हात लावू नका," मुरलीधर पटकन म्हणाला. "रेघ मोडेल. हे बघा, तीसच्या मापानं आवळलाय. वहीत आहे."

सिदू हसला. "वहीला नाक असतं व्हय, भाऊ?"

"आणि नाकाला माप असतं का?" मुरलीधरही हसला.

दोघे हसले. सिदूने हात पुसले. मुरलीधरने वहीत लिहिले: 'मंगळवार. सिदू मेस्त्री. पत्र्याचे वेल्डिंग.' आणि तो घरी आला.

गुरुवारी संध्याकाळी गौतमी ड्युटी संपवून घाट चढत होती. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, त्याला मागे टाकायला तिने गाडी दाबली. टर्बोने जोर धरला. हाताने बसवलेला बोल्ट चार दिवस हादरून हादरून सैल झाला होता. तो निखळला. नळीतले तेल लालबुंद टर्बोवर पडले आणि बॉनेटखाली जाळ झाला.

गौतमी घाबरली नाही. तिने गाडी कडेला घेतली, चावी काढली आणि बाहेर उडी मारली. ट्रॅक्टरवाला धावत येईपर्यंत ती दहा पावलांवर सुखरूप उभी होती. तेवढ्यात तिला वहीची आठवण झाली. बाबांची अकरा वर्षे त्या खणात होती. ती परत फिरली. ट्रॅक्टरवाला ओरडत होता, "ताई, र्‍हाऊ द्या! ताई!" तिने दार उघडून दोन्ही हात आत घातले. खण उघडला तेव्हा वरचे प्लास्टिक वितळून गळू लागले होते. ते तिच्या हातांवर पडले आणि तिथेच चिकटले.

वही वाचली. तिचे फक्त कोपरे करपले.

मुरलीधरला पंपावर फोन आला. दवाखान्याकडे निघाल्यावर वाटेत त्याला कोणीतरी सांगितले की आग तेलाच्या नळीपाशी लागली. त्या क्षणी त्याच्या कानात फाटकाशी वाजलेला हॉर्न वाजला. हातातला ब्रश आठवला. कोऱ्या बोल्टावर ओढलेली रेघ आठवली. शेजाऱ्याच्या जीपमध्ये तो एकटाच मागे बसला होता. त्याने तोंडावर रुमाल धरला. लोकांना वाटले, बाप आहे, रडणारच.

चौथ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला वॉर्डात आला. गौतमीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. शालन उशाशी बसली होती. सिदू मेस्त्री दोन शहाळी घेऊन तिला भेटायला आला होता आणि पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभा होता.

हवालदाराने करपलेली वही मागून घेतली आणि सावकाश वाचली. मग तो म्हणाला, "रविवारी सहाही बोल्ट आवळले. मंगळवारी सिदू मेस्त्रीनं काम केलं, तेही तिथंच, टर्बोपाशी. त्यानंतर कोणी हात लावला नाही. म्हणजे पत्रा काढताना बोल्ट सोडला आणि परत आवळायचा राहिला. काय मेस्त्री?"

"न्हाई ओ साहेब," सिदू म्हणाला. तो घाबरलेला नव्हता. "पत्र्याचे दोन स्क्रू सोडले, तेवढंच. त्या बोल्टाला माझा हातच लागला न्हाई. उलट तेलाचा वास आला म्हणून बघतो म्हटलं, तर भाऊंनीच हात लावू दिला न्हाई. हितंच हाईत, विचारा की."

सगळ्यांनी मुरलीधरकडे पाहिले. हवालदाराने, शालनने, सिदूने. गौतमीनेही मान वळवून पाहिले.

मुरलीधर लेकीच्या पट्ट्यांकडे बघत होता. खरे बोललो, तर हिला कळेल की हे हात कशाने जळले. पाहुण्यांपुढे मिरवायला ओढलेल्या एका रेघेने. मग ही आपल्याला बाबा म्हणून कशी हाक मारेल? सिदू म्हातारा आहे. त्याला कोणी तुरुंगात घालणार नाही. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील.

"वहीत आहे तेच," तो म्हणाला.

सिदूने एकदा त्याच्याकडे पाहिले. मग त्याने शहाळी खाटेखाली सरकवली, टोपी डोक्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

खटला झाला नाही. गौतमीनेच तक्रार द्यायला नकार दिला. "काकांनी मुद्दाम केलं नाही," ती म्हणाली. पण गावाला खटला लागत नाही. आडनाईकांच्या वहीत होते, तेवढे पुरे होते. गॅरेजसमोरची रांग पातळ झाली. जे येत, ते टोमणा मारत.

"मेस्त्री, आवळलंय नव्हं नीट? का आमचाबी हात भाजायचा इचार हाय?"

ऐनापुऱ्यांनी आधी निरोप पाठवला की सध्या थांबतो. पुढे निरोपही आला नाही. गौतमीची बोटे बरी झाली, पण आखडली. सुई धरता येईना. दवाखान्याने तिला खिडकीत बसून चिठ्ठ्या द्यायचे काम दिले.

तीन महिन्यांनी सिदू स्वतःहून मुरलीधरच्या घरी आला. ओसरीच्या पायरीवर बसला. मुरलीधरने चहा मागवला. सिदूने कप बाजूला ठेवला.

"भाऊ," तो म्हणाला, "एक बोलायचं हुतं. त्या दिवशी दवाखान्यात मी तुमच्यावर ढकललं. मला लई राग आल्ता तुमचा. पण रोज इचार करतोय. वय झालंय माझं. पत्रा काढताना बोल्ट आडवा आला असंल, सोडला असंल, आन् ध्यानात र्‍हायलं नसंल. चाळीस वर्षं हात सांगायचा ते खरं मानलं. पण वहीत लिवलंय म्हंजे..." त्याने डोळे पुसले. "पोरीला सांगा, म्हाताऱ्याला माफ कर म्हणावं."

मुरलीधरला त्या वेळी एकच वाक्य बोलायचे होते. ते जिभेपर्यंत आले. आतल्या खोलीत गौतमी होती. तिचा चमचा ताटात पडल्याचा आवाज आला. अजून तिच्या हातातून चमचा सुटत असे. मुरलीधरने ते वाक्य चहाबरोबर गिळले.

"असू दे, मेस्त्री," तो म्हणाला. "चूक कोणाची होत नाही?"

दुसऱ्या आठवड्यात सिदूने गॅरेजचे दार खाली ओढले. ते पुन्हा वर गेले नाही.

वर्ष उलटले. डॉक्टरांनी गौतमीला बोटांचा व्यायाम दिला होता. एखादे पुस्तक घ्यायचे आणि दोन बोटांनी एकेक पान उलटायचे. तिने निळी वही घेतली. ज्या वहीसाठी हात गेले, तीच हातांनी उलटावी, असे तिला वाटले असेल. रोज दुपारी ती अंगणात बसून एकेक पान उलटी. पान उलटायला इतका वेळ लागे की तोवर ते वाचून होई. अशी तिने वहीतली अकरा वर्षे वाचली.

एका दुपारी तिने मुरलीधरला हाक मारली.

"बाबा, तुम्ही प्रत्येक कामाखाली 'पाना शून्यावर' असं लिहिलंय. पहिल्या पानापासून. मग ह्या एकाच रविवारी का नाही?"

मुरलीधर तुळशीला पाणी घालत होता. तो थांबला.

"विसरलो असेन लिहायला."

"तुम्ही?" गौतमी म्हणाली.

मग ती उठली आणि शेडमधली हत्यारांची पेटी तिने पायाने ओढत अंगणात आणली. त्या रविवारपासून ती पेटी कोणी उघडली नव्हती. तिने कडी काढायचा प्रयत्न केला. बोटे वळेनात.

"उघडा ना," ती म्हणाली.

मुरलीधरने कडी काढली. वरच मापाचा पाना होता. त्यावर वर्षाची धूळ होती आणि आकडा चोवीसवर होता.

गौतमीने वहीत बोट ठेवले. "शेवटचा बोल्ट नळीचा. त्याला तीस. मग पाना तीसवर असायला हवा होता, बाबा."

 मुरलीधरने पाना हातात घेतला. त्याचा हात आपोआप दांड्यावर गेला आणि फिरला. वीस. पंधरा. दहा. शून्य. तो सवयीने फिरला की भीतीने, हे त्याचे त्यालाही पुढे कधी सांगता आले नाही. मात्र आकडा शून्यावर आला तेव्हा दाखवायला काहीच उरले नव्हते.

गौतमी ते बघत होती. ती रडली नाही, ओरडली नाही.

"झालं?" तिने विचारले. "आता चौकात जाऊन सांगा. मग सिदूकाकांना सांगा. ते घरात एकटे बसून असतात."

तिने वही मिटली आणि ती आत गेली. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी कामापुरते बोले. बाबा ही हाक मात्र त्याने पुन्हा ऐकली नाही.

मुरलीधर चौकात गेला. चहाच्या गाड्यापाशी पाच-सहा जण होते. त्यांना त्याने सगळे सांगितले. हॉर्न, कोरा बोल्ट, ब्रश, खोटी सही, वॉर्डातले खोटे. माणसांनी चहा खाली ठेवून ऐकले. मग चहावाला म्हणाला, "बघा, याला म्हणतात माणूस. पोरीचे हात गेले, तरी म्हाताऱ्याची अब्रू राखायला दोष स्वतःवर घेतोय."

"अहो, मी खरं सांगतोय."

"सांगणारच तुमी. पण वहीत तसं न्हाई, आडनाईक. आमी काय वही वळखत न्हाई व्हय?"

एकाने त्याच्या पाया पडायला हात पुढे केला. मुरलीधर तिथून पळालाच.

सिदू परसात नळाशी बसला होता. नळ गळत होता आणि त्याच्या मांडीवर पाना होता. मुरलीधर समोर उकिडवा बसला आणि त्याने पुन्हा सगळे सांगितले, वहीत लिहावे तसे, एकेक, क्रमाने. सिदूने मान खाली घालून ऐकले. नळाचे पाणी टपटप पडत होते.

"पोरीनं धाडलं का?" शेवटी त्याने विचारले.

"हो. पण खरं आहे ते, मेस्त्री. तुमचा हात लागला नव्हता. तुमच्या नाकालाही कळलं होतं. मीच अडवलं तुम्हाला."

सिदू हसला. वर्षभरात तो पहिल्यांदाच हसला असावा. फार मायेने तो म्हणाला, "भाऊ, मोठं मन हाय तुमचं. पण माझ्यासाठी एवढं करू नगा. मी आता सवय करून घेतलीय."

"मेस्त्री, वही खोटी आहे!"

"तुमची वही?" सिदूने मान हलवली. "आन् खोटी? भाऊ, माझा हात खोटा निघंल. तुमची वही न्हाई."

मुरलीधर बोलायला गेला, पण त्याच्याकडे आता शब्दाखेरीज काही नव्हते. आणि त्याच्या शब्दाहून त्याच्या वहीला जास्त मान होता. तो त्यानेच अकरा वर्षे घालून मिळवला होता.

सिदूने पाना उचलला आणि नळाचा नट आवळला. पाणी थांबले. त्याने त्यावर दोन बोटे ठेवली. ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. त्याने बोटे काढली, परत ठेवली. मग लहान मुलासारखे वर बघून त्याने मुरलीधरला विचारले,

"भाऊ, तुमीच जरा हात लावून सांगा. बसला का?"

मुरलीधरने हात लावला. त्याला बराच वेळ काही दिसेना.

"बसला, मेस्त्री," तो म्हणाला. "बसला."

तात्पर्य: काम होण्याआधी झाल्याची नोंद केली, तर ती आधी आपल्याला फसवते आणि मग दुसऱ्याला. आणि आपल्या चांगल्या नावाच्या आड खोटे एकदा लपवले, की पुढे आपण खरे बोललो तरी ते कोणाच्या उपयोगी पडत नाही.